सेंट्रल एसी बदलायचा की मोडीत काढायचा?

पत्र

आम्ही गोव्यात पर्वरीला राहतो. २००९ साली बंगला बांधला तेव्हा यजमानांच्या हौसेखातर दोन्ही मजल्यांवर सेंट्रल एसी बसवून घेतला. वर साडेपाच टनांचं एक यंत्र, त्यावर तीन बेडरूम. खाली तसंच दुसरं, त्यावर हॉल, जेवणघर आणि सासूबाईंची खोली. मुलगा आता डॅलसला असतो. घरात आम्ही दोघं आणि ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. गेली काही वर्षं वरच्या यंत्रात दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत होता, यंदा त्याचा कॉम्प्रेसरच जळाला. खालचं यंत्र चालतंय, पण मेकॅनिक म्हणतो की तेही आज ना उद्या जाणारच.

तीन कोटेशनं आली आहेत. वरच्या यंत्राची दुरुस्ती, नवा कॉम्प्रेसर आणि गॅस धरून ९५ हजार. डक्ट, म्हणजे छतातून हवा नेणारे पत्र्याचे मार्ग, तेच ठेवून दोन्ही यंत्रं नवी घ्यायची तर ५ लाख २० हजार. सगळं काढून व्हीआरएफ, म्हणजे बाहेर एकच मोठं यंत्र आणि खोलीखोलीत वेगळं, बसवायचं तर ९ लाख ४० हजार. मुलगा म्हणतो, 'आई, सोळा वर्षांचं यंत्र दुरुस्त करत बसू नका, सगळंच बदला, थोडे पैसे मी घालतो.' हे म्हणतात, स्प्लिट लावून मोकळे होऊ. मला भिंतीवर ते डबे नकोत. शिवाय डिसेंबरमध्ये मुलगा-सून-नातवंडं येतात तेव्हा सगळ्या खोल्या लागतात. काय करावं?

— एक वाचक, पर्वरी

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तीन कोटेशनं आली, पण त्यातल्या एकानेही तुम्हाला हे विचारलेलं दिसत नाही की रात्री अकरा वाजता तुमच्या घरात किती खोल्यांत माणसं असतात. तुमच्या पत्रावरून हिशेब सोपा आहे. वर एका खोलीत तुम्ही दोघं, खाली एका खोलीत सासूबाई. म्हणजे दोन खोल्या. आणि त्या दोन खोल्यांसाठी घरात अकरा टनांची यंत्रं आहेत. तेव्हा कोणतं यंत्र घ्यावं हा विचार नंतर करू, आधी एवढं गार करायची गरज उरली आहे का ते पाहू.

साडेपाच टनांचं जुनं यंत्र चालू असताना तासाला साडेसहा-सात युनिटं ओढतं. त्याला मधलं काही जमत नाही, एक तर पूर्ण चालू, नाही तर बंद. रात्रीच्या आठ तासांत कॉम्प्रेसर पाच तास चालला असं धरलं तरी तीस-पस्तीस युनिटं गेली, आणि त्यातली दोन तृतीयांश हवा दोन रिकाम्या बेडरूममधल्या पलंगांना वारा घालण्यात. त्याच खोलीत दीड टनाचा चांगला इन्व्हर्टर, म्हणजे गरजेप्रमाणे हळू किंवा जोरात चालणारा, स्प्लिट रात्रभर चालला तर सहा-सात युनिटांत भागतं. रात्रीला पंचवीस युनिटांचा फरक. वर्षातल्या दीडशे रात्री एसी लागतो असं धरा, पावणेचार हजार युनिटं झाली. वीज खात्याचं बिल टप्प्याटप्प्याने चढतं आणि तुमची ही युनिटं सगळ्यात वरच्या टप्प्यात पडतात, तेव्हा बिल हातात घेऊन वरच्या टप्प्याचा दर लावून पाहा. आकडा यजमानांना दाखवू नका, पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल.

आता कोटेशनं एकेक घेऊ.

९५ हजारांची दुरुस्ती तर मुळीच करू नका. गॅस हा पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, तो गळतो. दर उन्हाळ्यात भरावा लागत होता याचा अर्थ कॉइलला किंवा पाइपला कुठेतरी छिद्र आहे, आणि ते न शोधता तुमच्याकडून वर्षानुवर्षं पैसे घेतले गेले. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत कॉइलचे ॲल्युमिनियमचे पापुद्रे झडतात, तांब्याच्या नळीला केसाएवढी छिद्रं पडतात. एक बुजवलं की शेजारी दुसरं. त्यात पर्वरीत महामार्गावरच्या उड्डाणमार्गाच्या कामाची धूळ. आउटडोअरच्या जाळीत ती बसली आणि वर पावसाचं पाणी पडलं की चिखलाचा लेप होतो, आणि यंत्राला उष्णता बाहेर टाकताच येत नाही. कॉम्प्रेसर जळतो तो पुष्कळदा अशाने. बरं, जळालेल्या कॉम्प्रेसरचं तेल आम्लधर्मी होऊन सगळ्या नळ्यांत पसरलेलं असतं. ते नीट धुऊन न काढता नवा कॉम्प्रेसर जोडला तर तोही वर्ष-दोन वर्षांत बसतो. सोळा वर्षांच्या गळक्या कॉइलला नवा कॉम्प्रेसर जोडण्यात अर्थ नाही.

शिवाय तुमच्या यंत्रात आर-२२ गॅस असणार, २००९ सालच्या डक्टवाल्या यंत्रांत सर्रास तोच होता. ओझोनच्या थराला तो घातक म्हणून माँट्रियल करारानुसार जगभर मागे घेतला जातोय आणि आपल्याकडे २०२५ पासून नव्या यंत्रांत तो भरला जात नाही. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी अजून मिळतो, पुढेही काही वर्षं मिळेल, पण तो स्वस्त होण्याची आशा ठेवू नका.

मुलाचं म्हणणं या बाबतीत बरोबर आहे. अमेरिकेत लोक एक ढोबळ नियम वापरतात: यंत्राचं वय गुणिले दुरुस्तीचा खर्च, आणि उत्तर पाच हजार डॉलरांच्या वर गेलं तर यंत्र बदला. तुमची दुरुस्ती हजार डॉलरांच्या घरात, गुणिले सोळा. उत्तर तुम्हीच काढा. पण हा नियम एवढंच सांगतो की दुरुस्त करू नका. त्या जागी काय घ्या हे तो सांगत नाही. तिकडे एकाच डक्टमधून थंडीत गरम हवा आणि उन्हाळ्यात गार हवा खेळवतात, घरं लाकडी सांगाड्याची, खिडक्या बारा महिने बंद. तिथे डक्ट काढून टाकायचा विचारच कुणी करत नाही. आपल्याकडे संध्याकाळी खिडक्या उघडल्या की मांडवीवरून वारा येतो. डॅलसचा हिशेब पर्वरीला लावायचा तर वारासुद्धा धरायला हवा.

सव्वापाच लाखांचं कोटेशन सगळ्यात जास्त तपासून घ्यायला हवं, कारण ते दिसायला शहाणपणाचं आहे. 'डक्ट तेच ठेवू' या तीन शब्दांत सगळी मेख आहे. ते डक्ट कोणी उघडून पाहिलं का? नसेल तर तुम्ही पाहा. वरच्या पॅसेजमध्ये फॉल्स सीलिंगला एक झाकण असेल, ते काढायला लावा आणि टॉर्च मारा. यंत्राचं तोंड आणि पत्र्याचं डक्ट यांच्यामध्ये कापडाचा एक जोड असतो, मेकॅनिक त्याला कॅनव्हास म्हणतात. पंधरा-सोळा वर्षांत तो घडीवर फाटलेला असतो आणि तिथून तुमची गार हवा सरळ छतात जाते. मग पत्र्यावरचं काळं रबरी आवरण हाताने दाबून पाहा. ओलं, फुगलेलं, सांध्यावर सुटलेलं असेल तर आतल्या गार पत्र्यावर दमट हवेचं पाणी धरतंय. छताला जे पिवळट डाग पडलेत असं तुम्हाला वाटत असेल ना, स्लॅब गळते म्हणून, ते कित्येकदा हेच पाणी असतं. पत्र्यावर पांढरी भुकटी म्हणजे जस्त खाल्लं गेलंय. उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर पुढचं मी सांगायला नको. आवरण खराब निघालं तर यंत्रं नवी आणि हवा जुन्याच वाटेने झिरपणार. अमेरिकेतल्या साध्या घरांमध्ये वीस ते तीस टक्के हवा डक्टच्या फटींतून वाया जाते असं तिथल्या सरकारी ऊर्जा-बचत कार्यक्रमाचं सांगणं आहे. आपल्याकडे, सुताराने कापलेल्या फॉल्स सीलिंगच्या आत, ती कमी जात असेल असं मानायला मी तयार नाही.

आणि डक्ट बदलायचं ठरलं तर फॉल्स सीलिंग फोडणं आलं, पुन्हा पीओपी आलं, रंग आला, महिनाभर घरात पांढरी धूळ आली. यातलं काहीही त्या सव्वापाच लाखांत नाही. कोटेशनमध्ये 'सिव्हिल काम ग्राहकाकडे' अशी एक ओळ शेवटी बारीक अक्षरात असेल, शोधा. 'जुनी कॉपर पाइप वापरू' असं लिहिलं असेल तर तेही खोडायला लावा. नव्या यंत्रांत आर-३२ किंवा आर-४१०ए गॅस असतो, त्यांचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त आणि तेलही वेगळं. जुनी पाइप नुसती पुसून चालत नाही. कर पाहा: २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. कोटेशन त्याच्या आधीचं असेल तर नव्याने मागा, एवढ्या रकमेत दहा टक्के म्हणजे सहज चाळीसेक हजार रुपये.

खालचं यंत्र मात्र चालतंय तोवर चालू द्या. 'आज ना उद्या जाणारच' हे तर कशाबद्दलही म्हणता येतं. हॉलमध्ये पाहुणे आले, चतुर्थीला घर भरलं, की तासभर लावायला ते पुरेसं आहे. ते गेलं की तेव्हा पाहू.

व्हीआरएफबद्दल थोडक्यात. एक मोठं आउटडोअर, त्याला प्रत्येक खोलीत वेगळं इनडोअर, हवी तेवढी खोली चालवा. यंत्र उत्तम आहे. पाच-सहा खोल्या रोज वेगवेगळ्या वेळी वापरणारं एकत्र कुटुंब असतं तर मी तेच सुचवलं असतं. पण तुमच्याकडे रोज दोन खोल्या आहेत. त्यात आउटडोअर बंद पडलं की सगळं घर बंद, त्याचे सुटे भाग कंपनीकडूनच घ्यावे लागतात, आणि जूनच्या पहिल्या पावसात विजा कडाडून वीज येते-जाते तेव्हा सगळ्यात आधी जीव जातो तो अशा यंत्रांच्या इलेक्ट्रॉनिक पाट्यांचा. नऊ लाख चाळीस हजार त्यापेक्षा बँकेत ठेवा.

मग करायचं काय? तुमचे यजमान म्हणतात ते, पण सगळीकडे नाही. तुमच्या बेडरूममध्ये एक इन्व्हर्टर स्प्लिट आणि सासूबाईंच्या खोलीत एक टनाचा दुसरा. सासूबाईंचं मी मुद्दाम म्हणतोय. सेंट्रल एसीचा थर्मोस्टॅट बहुधा हॉलमध्ये असतो. हॉलमध्ये तुम्हाला उकडतं म्हणून तुम्ही तो २३ वर आणता आणि आत त्या शाल पांघरून बसतात. वयस्कर माणसाच्या हातात स्वतःचा रिमोट असणं हीच मोठी सोय आहे. २६-२७ वर लावून वर पंखा हळू ठेवला की त्यांना गारठा बाधणार नाही. वीज वाचते ती वेगळी: ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या हिशेबाने एक अंश वर ठेवला की साधारण सहा टक्के.

टन किती घ्यायचे यात दुकानदाराचं ऐकू नका. तो नेहमी एक पायरी वरचा सांगतो, 'मॅडम, गोव्यात उकाडा फार.' गोव्यात उकाडा तापमानाचा कमी आणि दमटपणाचा जास्त. मे महिन्यातही पारा बहुधा तेहतीस-चौतीसच्या आसपास असतो, घाम वाळत नाही म्हणून जीव नकोसा होतो. गरजेपेक्षा मोठं यंत्र पाच मिनिटांत खोली गार करून थांबतं आणि हवेतलं पाणी तसंच राहतं. मग खोली गार पण चिकट, आणि कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी. इन्व्हर्टर हळू चालतो म्हणून हे थोडं सांभाळून घेतो, पण फार मोठा घेतला तर त्याचंही तेच. तुमची बेडरूम दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांची आणि वर थेट स्लॅब असेल तर दीड टन. खालची खोली सव्वाशेच्या आत असेल तर एक टन पुष्कळ झाला. कॉइल तांब्याची आणि त्यावर गंजरोधक लेप असलेली घ्या, आउटडोअरच्या कॉइललाही लेप आहे ना ते विचारून.

खर्च असा: दीड टनाचा पाच तारे असलेला इन्व्हर्टर सध्या ४२ ते ५० हजारांच्या घरात, एक टनाचा ३३ ते ४२ हजार. बसवणं, स्टँड, तीन मीटरच्या वर लागणारी कॉपर पाइप, भिंतीला भोक आणि ड्रेन पाइप यांचे वर पाच-सात हजार प्रत्येकी. जुनं यंत्र थ्री फेजवर होतं, आता प्रत्येक स्प्लिटला स्वतंत्र वायर आणि एमसीबी लागेल, त्याचे दहा-पंधरा हजार. सगळं मिळून सव्वा लाखात बसायला हवं. म्हणजे त्या दुरुस्तीपेक्षा तीस हजारांनी जास्त. वायरमनला दोन्ही एसी वेगवेगळ्या फेजवर घालायला सांगा. आणि वीज खात्याच्या कार्यालयात मंजूर भार कमी करून मिळतो का ते विचारून या, साडेपाच टनांचा बोजा उतरला तर त्याचा जादा स्थिर आकार भरत राहायचं कारण नाही.

राहिला तुमचा भिंतीवरच्या डब्यांचा मुद्दा. मला तो पटतो, इतकी वर्षं स्वच्छ भिंत पाहिलेल्या डोळ्यांना तो डबा खुपणारच. त्यावर मधला मार्ग आहे. दीड-दोन टनांचं छोटं छुपं यंत्र मिळतं, ते तुमच्याच फॉल्स सीलिंगमध्ये बसतं आणि तुमच्याच बेडरूमच्या जुन्या ग्रिलमधून हवा सोडतं. साध्या स्प्लिटच्या दीडपट ते दुप्पट किंमत पडेल. पण दोन अटी: ड्रेन पाइपला बाहेरपर्यंत पुरेसा उतार मिळाला पाहिजे, आणि खाली ट्रे-फिल्टर साफ करायला माणसाचं डोकं आणि दोन्ही हात आत जातील एवढं झाकण ठेवलं पाहिजे. सुतार नेहमी बारा इंचाचं ठेवतो आणि मग चार वर्षांनी सीलिंग फोडावं लागतं. या दोन्हींपैकी एकही जमत नसेल तर डबा सोसा. सासूबाईंच्या खोलीत साधाच लावा, त्यांना त्याचं काही वाटणार नाही.

डिसेंबरचं म्हणाल तर डिसेंबरमध्ये आपल्याकडे रात्री पारा वीस-बावीसवर येतो. डॅलसहून आलेली नातवंडं खिडक्या उघड्या टाकून झोपतील. त्या दोन आठवड्यांसाठी वरच्या दोन बेडरूमना साडेपाच टन ठेवायचे म्हणजे फारच झालं. मुलाला पैसे घालायचेच असतील तर गच्चीला घालू दे. स्लॅबवर लोखंडी सांगाडा करून कौलं किंवा पत्रे टाकले की वरच्या खोल्यांचा दुपारचा ताप निम्म्याने उतरल्यासारखा वाटतो आणि पावसाची गळतीही थांबते. पंचायतीची परवानगी लागते का ते आधी विचारा. तेवढा खर्च नको असेल तर गच्चीला उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग. आणि पावसाळ्यात बुरशीसाठी एसी लावत असाल तर तेही थांबवा, एक डीह्युमिडिफायर घ्या. तो पंचवीस हजारांच्या आत मिळतो, विजेला एसीच्या मानाने काहीच नाही, आणि कपाटांची खोली बंद करून त्यात चार तास लावला की सकाळी टाकी भरलेली मिळते.

काम नोव्हेंबरात काढा. हॉटेलवाले आपली मोठी कामं पावसाळ्यात उरकतात, चांगले मेकॅनिक तेव्हा तिकडे अडकलेले असतात, आणि मार्च उजाडला की कुणी फोन उचलत नाही. बसवताना मेकॅनिकला व्हॅक्यूम पंप आणायला सांगा, नुसता गॅस सोडून पाइपमधली हवा उडवणाऱ्याला परत पाठवा. आर-३२ थोडा ज्वालाग्राही आहे, म्हणून शिकलेला माणूस हवा.

वरचं जुनं यंत्र काढताना दोन गोष्टी सांभाळा. डक्ट आणि पाइप भिंतीतून जिथे बाहेर जातात ती भोकं त्याच दिवशी बुजवून घ्या, नाहीतर जूनमध्ये तिथून पाणी आणि त्याआधी पाली आत येतील; रिकाम्या खोल्यांची ग्रिलही आतून बंद करा. आणि उरलेला गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये भरून न्यायला सांगा, ते त्याचं कामच आहे.

भंगार मात्र फुकट देऊ नका. खालचं यंत्र वरच्याचंच जुळं आहे, तेव्हा वरच्याचा ब्लोअरचा मोटर, आउटडोअरचा पंखा, कंटॅक्टर आणि कंट्रोलची पाटी काढून, चिठ्ठी लावून कोठीच्या खोलीत ठेवा. खालच्याला कधीतरी नेमकं तेच लागेल. उरलेल्याची दोन्ही कॉइलं आणि पाइप म्हणजे बरंच तांबं आहे. बसवणारा 'जुनं आम्ही घेऊन जातो' असं उदारपणे म्हणेल, तेव्हा त्या दिवशीचा तांब्याचा भाव म्हापशाच्या भंगारवाल्याला फोन करून आधी विचारून ठेवा, आणि तेवढी रक्कम बिलातून वजा करून घ्या.